‘सरळरूप द्या’



आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना एक आज्ञा शेकडो वेळा पाळलेली आहे. ती दोनच शब्दांची होती : ‘सरळरूप द्या.’ खाली कंसात कंस अडकलेली, अपूर्णांकांचे मजल्यावर मजले चढवलेली एक राशी असे. आपण कंस सोडवीत, वरखाली सारखे दिसेल ते काटीत, शेवटी एक आटोपशीर उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा ओढीत असू. परंतु ‘सरळ’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपण गुरुजींना कधी विचारला नाही. आणि विचारला असता तर उत्तर मिळण्याऐवजी बहुधा बाकावर उभे राहावे लागले असते. गेल्या सत्तर वर्षांत हा प्रश्न यंत्राने माणसाला विचारला, आणि माणसाची बरीच तारांबळ उडाली. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

यंत्र म्हटले की आकडेमोड करणारे यंत्र आपल्या डोळ्यांपुढे येते. मी बोलणार आहे ते त्या यंत्राच्या निराळ्या उपयोगाविषयी. ‘क्ष’ला कोणतीही किंमत न देता, ‘क्ष’ला ‘क्ष’च ठेवून, त्याच्याशी बेरीज-गुणाकार करणाऱ्या, समीकरणे सोडवणाऱ्या आज्ञावली संगणकासाठी लिहिल्या गेल्या. त्यांना आपण बीजगणिती प्रणाली म्हणू. शाळेतला हुशार मुलगा वहीत जे करतो तेच त्या करतात. फक्त त्यांना वहीच्या समासात कच्चे काम करून खोडता येत नाही, आणि ‘हे तर उघडच आहे’ असे म्हणून पुढे जाता येत नाही.

फळ्यावर एक उदाहरण मांडतो. √क्ष², म्हणजे क्षच्या वर्गाचे वर्गमूळ, याचे सरळरूप काय? आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर ‘क्ष’ हे उत्तर आले असेल. आता क्षच्या जागी ३ घाला : वर्ग ९, मूळ ३, ठीक. उणे ३ घाला : वर्ग ९, मूळ पुन्हा ३, पण क्ष तर उणे ३ होता! म्हणजे ‘क्ष’ हे उत्तर देताना आपण मनातल्या मनात ‘क्ष ऋण नाही’ असे धरून चाललो होतो. कोणी सांगितले होते? कोणीच नाही. एवढ्या एका मुकाट्याने धरलेल्या गोष्टीत आजच्या विषयाचे बीज आहे. सरळरूप देणे म्हणजे नुसते लहान करणे नव्हे. लहान करताना पुष्कळदा काहीतरी गृहीत धरले जाते, आणि ते उत्तरात दिसत नाही.

ही अडचण यंत्राबरोबर जन्मली असे मात्र नाही. शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचणाऱ्या भास्कराचार्यांचे नाव आपल्याला परके नाही. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. त्यांच्या बीजगणितात स्पष्ट म्हटले आहे की धन राशीचे मूळ धनही असते आणि ऋणही असते. पुढे वानरांचे एक उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग करावा, तितकी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. तर एकूण किती? समीकरण सोडवले की दोन उत्तरे मिळतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, त्यातून तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास आणि फांदीवरचे एक : हिशेब जुळला. पाचाचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन वजा केले की उणे दोन, वर्ग चार आणि एक मिळून पाच. हिशेब हाही जुळतो! तरीही आचार्य दुसरे उत्तर घेऊ नये असे सांगतात, कारण उणे दोन वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही. बीजगणिताने दोन दारे उघडली आणि माणसाने प्रसंग पाहून त्यांतले एक लावून घेतले. हे दार लावण्याचे काम यंत्राने कसे करावे? यंत्राला वानर म्हणजे काय हे ठाऊक नसते.

यंत्राकडून अक्षरांचे गणित करून घेण्याचा पहिला ठोस प्रयत्न १९५३ मध्ये अमेरिकेत झाला. त्या एकाच वर्षी फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात कहरिमानियन यांनी आणि मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.मध्ये नोलन यांनी संगणकाकडून अवकलन करवून घेण्यावर प्रबंध लिहिले. अवकलनाचे नियम ठरलेले असल्यामुळे यंत्राला ते सोपे जाते. पण निघालेले उत्तर पाहवत नाही. ‘३ गुणिले क्ष’ या साध्या राशीचे अवकलन नियमाप्रमाणे ‘३ गुणिले १ अधिक ० गुणिले क्ष’ असे निघते. आपण हसून ‘३’ लिहितो. यंत्र हसत नाही. दोन-तीन पायऱ्या पुढे गेले की अशा शून्यांचा आणि एकांचा ढीग कागदभर पसरतो, आणि त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी होती. सरळरूप ही तेव्हा टापटिपीची बाब राहिली नव्हती. ते दिले नाही तर यंत्र मधेच थांबे.

१९६१ मध्ये एम.आय.टी.त जेम्स स्लॅगल या दृष्टिहीन संशोधकाने समाकलनाची आज्ञावली रचली. समाकलन म्हणजे अवकलनाची उलट वाट, आणि तिला ठरीव नियम पुरत नाहीत, युक्त्या लागतात. ती आज्ञावली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील चांगल्या विद्यार्थ्याच्या तोडीने उदाहरणे सोडवी. लगेच पुढे आय.बी.एम. या कंपनीत जीन सॅमेट या विदुषीच्या नेतृत्वाखाली फॉरमॅक नावाची प्रणाली तयार होऊन १९६४ मध्ये बाहेर पडली. (याच बाई पुढे अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या मोठ्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.) फॉरमॅकमध्ये किरकोळ सरळरूप यंत्र आपणहून देई : शून्य मिळवले असेल तर टाकून दे, एकाने गुणले असेल तर एक पूस, शून्याने गुणले असेल तर सगळेच पूस.

या शेवटच्या नियमावर जरा थांबले पाहिजे. शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य, यात कोणाला शंका येईल? पण ते ‘काहीही’ आत कुठेतरी शून्याने भागलेले असेल तर? लीलावतीत भास्कराचार्यांनी एक चमत्कारिक सूचना दिली आहे : शून्याने गुणलेली राशी, पुढे आणखी क्रिया व्हायच्या असतील तर, लगेच पुसून टाकू नये, ‘शून्याने गुणलेली’ अशीच ठेवावी, आणि पुढे शून्याने भागण्याची वेळ आली तर राशी जशीच्या तशी आहे असे समजावे. शून्याने भागण्याचा हा विधी आजचे गणित मान्य करीत नाही, आणि आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी इच्छा नाही. पण घाईने पुसलेली गोष्ट परत आणता येत नाही, ही त्यातली धास्ती खरी आहे. फॉरमॅकपासून आजपर्यंतच्या प्रत्येक प्रणालीच्या कर्त्यांना तीच धास्ती भेडसावत आली आहे.

या खटाटोपातून व्यवहारात काय साधले, असे कोणी विचारील. चंद्राचे उदाहरण देतो. शार्ल दलोने या फ्रेंच ज्योतिर्विदाने चंद्राच्या गतीचे बीजगणित हाताने मांडले. त्यात त्याची सुमारे वीस वर्षे गेली, आणि १८६० व १८६७ मध्ये त्याचे दोन जाडजूड खंड निघाले. शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेत बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेतील दप्री, आंरार आणि रॉम या तिघांनी तेच बीजगणित संगणकाकडून करवून घेतले. यंत्राला सुमारे वीस तास लागले. दलोनेच्या एवढ्या प्रचंड कामात चुका सापडल्या तीन, आणि त्यांतल्या दोन पहिलीतूनच निघालेल्या. त्या माणसापुढे हात जोडावेत की यंत्रापुढे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी माणसापुढे जोडतो. मात्र इतकी पदे हाताने पुन्हा तपासायला आज कोण बसणार? माणूस यंत्राच्या उत्तरावर विसंबतो. म्हणूनच यंत्राने मनात काय धरले होते, याला महत्त्व आले.

१९७१ मध्ये एम.आय.टी.च्या जोएल मोझेस यांनी सरळरूपावर एक निबंध प्रसिद्ध केला. मध्ययुगातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याच्या ग्रंथाच्या नावावर कोटी करून त्याला त्यांनी ‘गोंधळलेल्यांसाठी मार्गदर्शिका’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यात त्यांनी तोवरच्या प्रणालींची वाटणी चक्क राजकीय पक्षांत केली. आपल्याकडच्या जहाल-मवाळांची आठवण यावी असाच तो प्रकार आहे. जहाल प्रणाली हाती आलेली प्रत्येक राशी ताबडतोब एका ठरीव साच्यात ओततात. त्याने मोठा लाभ होतो. दोन राशी वेगळ्या दिसल्या तरी साच्यात घातल्यावर सारख्या निघाल्या की त्या समान, आणि एकीतून दुसरी वजा केली की शून्य हटकून ओळखू येते. पण क्ष अधिक १ याचा शंभरावा घात त्यांच्या हाती द्या : जे तुम्ही बोटभर जागेत लिहिले होते, त्याची १०१ पदे होऊन परत येतात. याला ‘सरळ’ म्हणायचे का? जहालांमधूनच फुटून निघालेले, कंस सोडवण्याची घाई न करणारे, ते मोझेस यांचे नवे डावे. उदारमतवादी तडजोडीने चालतात : शून्य-एक पुसणे, सजातीय पदे एकत्र करणे यंत्राने करावे, बाकीचे सांगितल्यावर. सनातन्यांचे म्हणणे असे की सरळ काय हे प्रसंगावर ठरते, म्हणून यंत्राने स्वतःचे डोके चालवूच नये; नियम ज्याचे त्याने पुरवावेत. आणि पाचवा पक्ष कॅथलिकांचा, म्हणजे सर्वसंग्राहकांचा : अनेक साचे जवळ बाळगावेत आणि कामाप्रमाणे वापरावेत. मोझेस ज्या मॅक्सिमा प्रणालीच्या जनकांपैकी एक, ती याच पक्षातली.

मला यांतले सनातनी फारसे पटत नाहीत. तत्त्व म्हणून त्यांचे बोलणे बिनतोड आहे; परंतु ज्याला सगळे नियम स्वतःच पुरवायचे, त्याने यंत्र घ्यावे कशाला? जहालांचे आकर्षण मात्र मला समजते. सर्व जगासाठी एकच साचा, सर्व वादांचा एकच निकाल! दुर्दैवाने तो साचा सर्व जगासाठी असूच शकत नाही, हे मोझेस यांच्या निबंधाआधी तीन वर्षे सिद्ध झाले होते.

१९६८ मध्ये डॅनियल रिचर्डसन यांनी हे सिद्ध केले. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे : परिमेय संख्या, π, दोनचा लॉगरिथम आणि क्ष घ्या, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, त्रिकोणमितीतील साइन, घातीय फल आणि चिन्ह सोडून घेतलेली किंमत, एवढ्या क्रिया घ्या. यांतून बनणारी कोणतीही राशी पुढे आली असता ती सर्वत्र शून्य आहे की नाही, हे दरवेळी निश्चित सांगणारी रीत असणे अशक्य आहे. अजून सापडलेली नाही असे नव्हे. असूच शकत नाही. यादीतला शेवटचा पाहुणा पाहिलात? चिन्ह सोडून घेतलेली किंमत म्हणजे आपले फळ्यावरचे √क्ष²च! आणि जिथे शून्य ओळखण्याची खात्री नाही, तिथे भागाकार करताना खाली शून्य नाही याचीही खात्री नाही. शाळेत सर्व उदाहरणांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी होती. इथे शेवटची पाने छापताच येत नाहीत.

मग उरतो तो गृहीतांचा मार्ग. सर्वांसाठी निर्णय देता येत नसेल तर निदान या प्रसंगी क्ष कोण आहे ते विचारून घ्यावे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या मॅक्सिमाने नेमके हेच केले, आणि मला ती गोष्ट फार आवडते. एखादे समाकलन सांगा, ज्यात ‘अ’ धन असेल तरच उत्तर निघते. ती प्रणाली काम थांबवून पडद्यावर विचारते : अ धन आहे, ऋण आहे, की शून्य? तुम्ही ‘धन’ म्हणालात की ती पुढे जाते. चांगला वकील अशिलाला विचारतो तसे हे विचारणे आहे. कंटाळवाणे होते हे खरे. लागोपाठ पाच-सहा प्रश्न आले की माणूस वैतागून काहीही सांगतो. पण जबाबदारी कोणाची, हे स्वच्छ राहते.

सगळ्यांनी ही शिस्त पाळली नाही. १९७९ मध्ये हवाईत डेव्हिड स्टाउटेमायर आणि अल्बर्ट रिच यांनी म्यूमॅथ ही प्रणाली लहान घरगुती संगणकांवर आणली. पुढे इतरांच्याही आल्या, आणि जे काम मोठ्या विद्यापीठांत चाले ते विद्यार्थ्याच्या टेबलावर आले. त्याबरोबर √क्ष² म्हणजे बिनदिक्कत क्ष म्हणण्याची खोडही पसरली. लॉगरिथमांचे तसेच : गुणाकाराचा लॉगरिथम म्हणजे लॉगरिथमांची बेरीज, हा नियम धन संख्यांपुरता निर्धास्त, पण काही प्रणाली तो सर्रास लावीत. १९९१ मध्ये याच स्टाउटेमायर यांनी अमेरिकन गणित मंडळाच्या पत्रिकेत एक लेख लिहिला आणि त्याला नाव दिले, बीजगणिती प्रणालींच्या धंद्यातील गुन्हे आणि किरकोळ अपराध! स्वतःच त्या धंद्यात मुरलेल्या माणसाने आपल्या व्यवसायाचा असा पंचनामा करावा, हे विरळा. प्रणाली चुकीचे उत्तर देते तेव्हा ती अडखळत नाही. बरोबर उत्तर देते त्याच ठसक्यात देते, ही त्यातली धोक्याची गोष्ट.

जवळपास त्याच सुमारास दुसरा उपाय पुढे आला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९८० मध्ये कीथ गेडीस आणि गॅस्टन गॉनेट यांनी मेपल प्रणाली सुरू केली होती. तिच्यासाठी गॉनेट आणि ट्रुडी वायबेल यांनी नव्वदीच्या आरंभी ‘गृहीत धर’ अशी आज्ञाच तयार केली. यंत्राने विचारण्याची वाट न पाहता आपणच आधी सांगून ठेवायचे : क्ष धन आहे, न पूर्णांक आहे. मग मेपल त्या अक्षरापुढे एक छोटीशी नागमोडी खूण करून दाखवी, की या अक्षराच्या मागे काहीतरी अट बांधलेली आहे. पुष्कळांना ती खूण उत्तरावर पडलेल्या शाईच्या डागासारखी वाटे. मला ती प्रामाणिकपणाची खूण वाटते.

आता अगदी अलीकडच्या काळात येऊ. ऑन्द्रेय चेर्तिक या चेक तरुणाने २००५ च्या सुमारास सिम्पाय नावाचा ग्रंथालयवजा संग्रह सुरू केला, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. तो फुकट आहे, खुला आहे, आपल्या महाविद्यालयांतील मुलेही तो वापरतात. ग्रंथालय म्हणण्याचे कारण असे की तो स्वतंत्र यंत्रासारखा पुढ्यात बसत नाही. इतर आज्ञावली त्यातून हवे ते उचलतात. आणि इथे मॅक्सिमाची युक्ती कुचकामी ठरते. दुसऱ्या आज्ञावलीच्या पोटात, मध्यरात्री, कोणी समोर नसताना जो हिशेब चालतो, त्याने ‘अ धन आहे काय?’ हे कोणाला विचारावे?

म्हणून तिथे दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. पहिली : काही सांगितले नसेल तर क्षविषयी काहीच धरायचे नाही, तो ऋण असेल, संमिश्रही असेल. त्यामुळे √क्ष² हे सिम्पाय तसेच ठेवते. क्ष वास्तव आहे असे सांगितले तर चिन्ह सोडून घेतलेली किंमत देते, आणि धन आहे असे सांगितले तरच ‘क्ष’ म्हणते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. ‘क्ष धन आहे काय?’ या प्रश्नाला तिथे दोन नव्हे, तीन उत्तरे आहेत : होय, नाही, आणि ठाऊक नाही. हे तिसरे उत्तर मान्य करायला धैर्य लागते. परंतु ज्या संगणकभाषेत हे सर्व लिहिले आहे, ती ‘होय की नाही’ एवढेच पाहते तेव्हा ‘ठाऊक नाही’ला ‘नाही’च्याच रांगेत बसवते. एखाद्या नवशिक्याने ‘धन असेल तर अमुक, नसेल तर तमुक’ असे लिहिले की ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही असा क्ष मुकाट्याने ‘धन नाही’ म्हणून पुढे ढकलला जातो. संशयित आणि गुन्हेगार यांत फरक न करणाऱ्या फौजदाराची ही पद्धत झाली!

‘सरळ’ कशाला म्हणावे, या मूळ प्रश्नावर सिम्पायचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. त्याचे कर्ते उघड सांगतात की सरळरूपाची नेमकी व्याख्या नाही. त्यांचा संग्रह निरनिराळ्या युक्त्या करून पाहतो, प्रत्येक उत्तरातील क्रिया मोजतो आणि कमीत कमी क्रियांचे उत्तर पसंत करतो. मात्र निघालेले उत्तर मूळ राशीच्या १.७ पटींहून मोठे झाले, तर तो ते टाकून मूळ राशीच परत देतो. हा १.७ कुठल्या सिद्धान्तातून आलेला नाही. पाहिजे तर आपल्याला तो बदलता येतो. आमच्या गुरुजींचेही असेच एक माप असले पाहिजे, फक्त ते त्यांनी कधी सांगितले नाही.

मागे एका विद्यार्थिनीने मला आपला पडदा दाखवला. त्यावर लिहिले होते ‘क्ष − क्ष’, आणि यंत्र त्याचे शून्य करायला तयार नव्हते. तिला वाटले संगणक बिघडला. बिघडले काही नव्हते. सकाळी तिने एक क्ष काही न सांगता लिहिला होता. दुपारी पुन्हा क्ष लिहिताना तो धन आहे असे सांगितले होते. सिम्पायच्या लेखी हे दोन वेगळे क्ष, एकाच नावाची दोन माणसे. नाव छापताना अट छापली जात नाही, म्हणून दोघे सारखे दिसत होते. मेपलची ती नागमोडी खूण तिथे असती तर तिचा अर्धा दिवस वाचला असता. ही अडचण सिम्पायच्या कर्त्यांना चांगली ठाऊक आहे. अट अक्षराच्या अंगाला न चिकटवता वेगळी लिहून ठेवावी, अशी दुसरी व्यवस्था त्यांनी जुन्या व्यवस्थेशेजारी बरीच वर्षे चालवून पाहिली आहे. पण जुनीवर इतके काम उभे आहे की ती काढता येत नाही, आणि दोन्ही घरे शेजारी शेजारी नांदत आहेत. त्या मुलीने दोन्ही क्ष पुसले, एकच नव्याने लिहिला, आणि तो धन आहे हे पहिल्याच ओळीत सांगून टाकले.